घरच्या गव्हावर संशय कोण घेणार?

मी दूध संकलन केंद्रावर काम करते. राहात्याजवळच्या आमच्या गावात सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात. मी दूध ढवळते, नमुना घेते, मशीनला लावते आणि फॅट सांगते. या कामात माणूस संशयी होतोच. समोरचा हसत हसत म्हणाला, "ताई, आज म्हशीनं लई मन लावून दूध दिलंय," की मी आधी पाणी शोधते. पुष्कळदा ते सापडतंही. आमचे हे म्हणतात, तू देवळातला प्रसादसुद्धा उलटा करून बघतेस. अगदीच खोटं नाही ते.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात आजाराइतकाच माझ्या स्वभावाचाही हात आहे. आणि लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे आमच्याच गावातली एक सून. मध्ये ती किटली घेऊन आली आणि दूध घालून झाल्यावरही तिथंच घुटमळत राहिली. तिलाही थायरॉईड, तिच्याही अंगात रक्त नाही, गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली, आणि घरचे म्हणतात हिला कामाचा कंटाळा आहे. रांगेसमोर तिला काय सांगणार? म्हणून इथं सांगते. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, तेव्हा जे अंगावरून गेलं तेवढंच.

तोंड उघड बघू

ईश्वरी, माझी मुलगी, झाली त्यानंतर वर्षभरात मला थायरॉईड निघाला. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, मग अर्ध्या तासानं चहा. एवढंच असतं तर कुणाची तक्रार नव्हती. शेजारणीही घेतात, ठणठणीत असतात. पण माझी गोळी दर खेपेला वाढायची. गावातले डॉक्टर रिपोर्ट बघायचे, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "गोळ्या घेता ना नक्की?"

घेत होते हो. पण असं पुन्हा पुन्हा विचारलं की खरं बोलणाऱ्याचाही चेहरा चोरासारखा होतो.

त्यात रक्त कमी. लोहाच्या गोळ्या झाल्या, बाटल्या झाल्या, बीट आणि गूळ-शेंगदाणे झाले, सलाईनसुद्धा झालं. काही दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. दुधाचा कॅन सरकवताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. तोंड सतत आलेलं. जेवलं की पोट फुगून टम्म. आणि जुलाब. हा शब्द लिहायला लाज वाटते, पण त्या लाजेपायीच माझी कितीतरी वर्षं गेली. डॉक्टरांना मी 'जरा पोट बिघडतं' एवढंच सांगायचे. केंद्रावरून मध्येच घराकडं पळावं लागतं, हे कधी सांगितलंच नाही.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. मोठ्या कष्टाच्या, तोंडानं फटकळ. डॉक्टरांचा संशय त्यांच्या कानावर गेल्यावर त्या रोज सकाळी माझ्यासमोर उभ्या राहू लागल्या.

"गिळलीस का?"

"गिळली."

"तोंड उघड बघू."

लग्न होऊन इतकी वर्षं झालेली बाई मी, आणि सासूपुढं लहान पोरीसारखा आ करून उभी राहायचे. मनात म्हणायचे, थांबा, माझीही वेळ येईल.

माहेरी टवटवीत, सासरी आडवी

माझं माहेर मिरजगावच्या पलीकडं, कोरडवाहू मुलखात. दिवाळीला जायचे, उन्हाळ्यात जायचे, आणि तिथं गेलं की काही दिवसांत मी माणसात यायचे. पोट शांत व्हायचं, तोंडाची आग थांबायची. आईबरोबर शेळ्यांना पाला आणायला टेकडीवर चढायचे. परत सासरी आले, की पंधरवड्यात पुन्हा खाट.

यावरून दोन्ही घरांत आपापला निकाल लागला. आत्या म्हणायच्या, "माहेराला गेली की टवटवीत, हितं आली की आडवी. ह्यो कंचा रोग म्हनायचा?" ह्यांनी तोंडानं कधी काही म्हटलं नाही, पण आईचं बोलणं खोडलंही नाही. ते मला जास्त लागलं.

तिकडं माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, वेगळंच. तो एकदा मला बांधावर घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "रोहिणे, खरं सांग. तिथं तुला कायतरी खायला घालत्यात का?"

"काहीतरीच काय दादा!"

"मग हितं कशी बरी हुतीस? पानी बदललं म्हनून? मला कुनी शिकवू नगं."

मी त्याला उडवून लावलं. पण संशय एकदा कानात गेला की काढता येत नाही. तोवर माझ्या स्वभावाला एवढं एकच घर वर्ज्य होतं, ते म्हणजे माझं स्वतःचं. आता त्याचंही दार उघडलं.

आमटीचा नमुना

सासरी परतले ती डोळे उघडे ठेवूनच. आमच्याकडं भाजी-आमटी आत्या करतात आणि पोळपाट माझ्याकडं असतो. म्हणजे बिघडवायचं तर आमटीतच, असा मी हिशेब मांडला. एक दिवस नुसत्या चटणीबरोबर चपाती खाल्ली. पोट बिघडलंच. म्हणजे चटणीतही? एक दिवस ह्यांचं लक्ष नाही बघून त्यांचं ताट माझ्याकडं ओढलं, माझं तिकडं सरकवलं. ते ढेकर देऊन शेतावर गेले, मी पोट धरून बसले. शेवटी आमटी बाटलीत भरून केंद्रावर नेली. नेली खरी, पण तिथलं मशीन दुधाची फॅट सांगणारं. आमटीचं त्याला काय विचारायचं? मोरीत ओतून दिली.

या सगळ्या तपासात एका गोष्टीकडं माझं लक्ष गेलं नाही, ती म्हणजे चपाती. कसं जाणार? आमच्या शेतातला गहू, मी स्वतः निवडलेला, स्वतः दळून आणलेला, स्वतः मळून लाटलेला. घरात सगळ्यांवर संशय घेऊन झाला, पण माझ्याच हातावर तो कसा घ्यावा?

आणि आत्यांचं वागणं असं, की माझा संशय घट्टच व्हावा. मी फार थकले की त्या न सांगता चुलीपाशी बसायच्या आणि लापशी करायच्या. गव्हाची भरड तुपात खमंग भाजून, गूळ घालून, वर सायीचा गोळा. "खा, अंगात ताकद ईल." आणि ती लापशी खाल्ली की माझी रात्र मोरीत जायची. दर वेळी. एकदा झालं तर योगायोग म्हणावा. दर वेळी?

एका संध्याकाळी त्यांनी अशीच वाटी पुढं केली. मी वाटीकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आत्या, आधी तुम्ही एक घास खा."

बोलण्यात आदब होती, कुणी ऐकलं असतं तर कौतुक केलं असतं. त्यांनी एक चमचा खाल्ला, वाटी माझ्या हातात दिली आणि गोठ्याकडं गेल्या. त्यांना कळलं नाही असंच मी धरून चालले.

दादा गाडी घेऊन आला

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी केंद्रावर चक्कर येऊन पडले. किटल्या सांडल्या, लोकांनी उचलून घरी आणलं. बातमी माहेरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन दारात. चहा घेतला नाही. ह्यांना म्हणाला, "दाजी, मी रोहिणीला घिऊन चाललो. ह्यो काय परकार हाय त्ये कळल्याबिगर पाठवनार न्हाई."

"परकार म्हंजी?" आत्या पुढं आल्या.

"त्ये तुमालाच ठावं."

ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी हे बोलतील, 'थांब' म्हणतील. नाही बोलले. ईश्वरीची शाळा होती, म्हणून ती तिथंच राहिली. गाडी वळली तेव्हा ती दाराच्या कडीला धरून उभी होती. त्या दिवशी मला वाटलं, आपण या घरात पुन्हा येतो की नाही कोण जाणे. आणि आलो नाही तर या पोरीचं काय?

माहेरी राहिले ती महिनेच्या महिने. बाजरीची भाकरी, ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा. तिथं चपाती होते ती पाहुणा आला किंवा सण असला तरच. मी सुधारत गेले आणि जितकी सुधारले तितका दादाचा संशय पक्का होत गेला. मी चांगली दिसायला लागले की मलाच भीती वाटायची. ईश्वरी फोनवर एकच विचारायची, "आई, तू बरी झालीस ना? मग कधी येणार?" बरी झाले म्हणूनच येता येत नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलेलं खोटं

दादाच मला नगरला एका डॉक्टर बाईंकडं घेऊन गेला. त्याला खरं तर पुरावा हवा होता. बाई तरुण होत्या, बोलायला मऊ, पण नजर बारीक. त्यांनी थायरॉईडचे जुने रिपोर्ट एकापुढं एक मांडले, रक्ताचे मांडले. मग जे आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. दिवसातून कितीदा जाता, कधीपासून, काय खाल्लं की जास्त होतं. मीही पहिल्यांदा लाज सोडून सगळं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "जेवणात काय असतं रोज? भाकरी की चपाती?"

दादानं माझ्याकडं बघितलं. घरून निघतानाच त्यानं बजावलं होतं, तू इतके महिने माहेरी राहिलीस हे कुठं बोलायचं नाही, लोक नाही ते अर्थ काढतात. नांदती बाई माहेरी बसली, असं कुणी म्हणू नये ही त्याची आणि आईची काळजी. आणि खरं सांगू का, माझीही. कुणी राहणं-खाणं विचारलं, की लग्न झालेल्या बाईनं सासरचंच सांगायचं असतं. मीही सांगितलं, "चपाती. दोन्ही वेळा."

बाईंनी मान हलवली आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली. गव्हामुळं आतड्याला इजा होणारा एक आजार असतो, सिलिअॅक म्हणतात, तो आहे का बघू, असं म्हणाल्या. मी मनात हसले. गव्हामुळं म्हणे! सगळं जग गहू खातं.

रिपोर्ट आला, त्यात काही निघालं नाही. गाडीत दादा स्टिअरिंगवर हात मारून म्हणाला, "बघ. रोग न्हाई. म्हंजी मानसंच हायती."

मला बरं वाटायला हवं होतं ना, आजार नाही म्हणून? मला ईश्वरी दिसत होती, दाराच्या कडीला धरलेली.

तुम्ही जरा बाहेर बसा

रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर बाईंनी कागद बघितला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाल्या, "मला हा रिपोर्ट पटत नाही."

मला माझ्या जातीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

त्या दादाला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." तो नाखुशीनं उठला. दार लागल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "रोहिणीताई, थायरॉईडची गोळी लागू पडत नाही, लोह अंगाला लागत नाही, पोट असं. सगळं एका दिशेला बोट दाखवतंय आणि रिपोर्ट कोरा. कुठंतरी काहीतरी मला सांगायचं राहिलंय. आणि आज तुम्ही मागच्या कागदांपेक्षा एवढ्या बऱ्या कशा दिसता?"

मी पदराशी चाळा करत राहिले. मग रडायलाच आलं. सगळं सांगितलं. माहेरी किती महिने आहे ते, दादा काय म्हणतो ते, आत्यांची लापशी, बदललेलं ताट, बाटलीतली आमटीसुद्धा. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "माहेरी भाकरी कशाची?"

"बाजरीची. नाहीतर ज्वारीची."

"गहू अजिबात नाही?"

"नाही."

त्या मागं टेकल्या. "मग या तपासणीत काय दिसणार? रक्तात जे शोधायचं ते गहू पोटात जात असेल तरच सापडतं. खाणं बंद केलं की ते हळूहळू उतरतं. तुम्ही गहू सोडून इतके महिने झाले आणि मला सांगितलं रोज चपाती."

मी कपाळावर हात मारला. हे मला कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. न ढवळता वरवरचं दूध नमुन्याला दिलं की मशीन खोटंच बोलतं, मशीनची चूक नसते. असे नमुने देणाऱ्यांना मी रोज रांगेतून परत पाठवते. आणि इथं स्वतःच तसला नमुना देऊन बसले होते.

त्या दिवशी बाईंनी आजार समजावून सांगितला. अंगात राखणदार असतात, बाहेरचा चोर आला की त्याला धरतात. काहींच्या अंगात ते राखणदार इतके संशयी होतात, की घरच्याच माणसाला चोर समजून मारत सुटतात. माझ्या थायरॉईडचं तेच झालं होतं. आणि असा एक आजार असला, की त्याच्या सोबतीला तशातलाच दुसराही असू शकतो, म्हणून शोधायला लागतो. आणि गव्हानं आतड्याला इजा झालेली असली, की गोळी काय, लोह काय, अंगात शिरतच नाही. मी ऐकत होते आणि कानशिलं तापत होती. संशयी राखणदार! माझ्या अंगात नाही तर कुणाच्या अंगात असणार?

"आता पुन्हा गहू खायला लागेल," त्या म्हणाल्या. "काही आठवडे, रोज. मग रक्त, मग घशातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासायचा. त्रास फारच झाला तर फोन करा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका."

आणि दार उघडताना म्हणाल्या, "कुठं राहून खायचं ते तुम्ही ठरवा."

ते मी तिथंच ठरवलं होतं. सासरी जाऊन आजारी पडले असते, तर दादा म्हणाला असता, बघ. खायचं ते माहेरीच, आणि आईच्या हातचं.

आईच्या हातची चपाती

आई रेशनचा गहू निवडत होती आणि डोळे पुसत होती. "जे खाऊन पोरगी मरायला टेकली, त्ये मी माज्या हातानं घालू व्हय?"

"आई, मग सासूबाईंनी तरी काय वेगळं घातलं असेल?" मी म्हणाले. ते बोलताना मला स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आलं, की मी काय म्हणतेय.

आईनं चपाती केली. जाड, कडेला कच्ची, तिला भाकरीचाच हात. दादा समोर बसला होता. मी दोन चपात्या दुधात कुस्करून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडा सरायच्या आत पोट फुगलं, मग जुलाब, मग तोंड आलं. माहेरच्या अंगणात, आईच्या हातचं खाऊन मी तशीच आडवी झाले जशी सासरी व्हायचे. वाईट दिवस होते ते. दर घासाला माहीत असायचं की हा घास त्रास देणार आहे, आणि तरी गिळायचा. एकदा मी ताट ढकलून दिलं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी पुन्हा ओढून घेतलं, कारण ईश्वरीकडं जायची वाट त्या ताटातूनच होती.

दादा रोज जेवताना माझ्या ताटाकडं बघायचा आणि आपली भाकरी अर्धी टाकून उठायचा. एक दिवस ओट्यावरून माझ्याकडं न बघताच म्हणाला, "दाजींना फोन कर. दुर्बिनीच्या दिवशी त्यांनी यायला पायजे."

बाकावर दोघं

या खेपेच्या रक्तात जे दिसायचं ते ढळढळीत दिसलं. दुर्बिणीच्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं होतं. माझ्या आधी बरीच माणसं. हिरवा गाऊन, हातातल्या बांगड्या काढून आईनं दिलेल्या रुमालात. मी सुई बघितली की विचारणार, ही कशाची. फवारा मारला की विचारणार, हा कशाला. तिथली नर्स वैतागेल असं वाटलं, पण ती म्हणाली, "विचारा विचारा. न विचारणाऱ्यांचीच आम्हाला जास्त भीती." घशात नळी जाताना मी तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. तिनंही सोडवून घेतलं नाही. नंतर बघितलं तर माझ्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या. तिचं नाव विचारायचं राहिलं, याची अजून चुटपुट आहे.

गुंगीतून बाहेर आले तेव्हा दारातून बाहेरचा बाक दिसत होता. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला हे, मध्ये एका माणसाची जागा रिकामी. दादा उठून गेला. मला वाटलं, झालं, भांडले. तो परत आला तो दोन कप चहा घेऊन. एक ह्यांच्यापुढं धरला.

"घ्या दाजी."

ह्यांनी घेतला. दोघंही चहात बघत बसले, पण आता मधल्या जागेत दोघांच्या पिशव्या होत्या.

आतड्याच्या तुकड्याचा अहवाल आला त्या दिवशी डॉक्टर बाईंनी तिघांना समोर बसवलं. सिलिअॅकच. गहू बंद, आणि तो जन्मभर. मैदा, रवा, शेवया, बिस्कीट, सगळं. मला आधी हसू आलं, मग पुरणपोळी आठवून रडू आलं. जन्मभर हा शब्द फार मोठा आहे, तो पोटात उतरायला बरेच दिवस लागले. पण त्या क्षणी मी ह्यांच्याकडं बघत होते. ते म्हणाले, "डॉक्टर, म्हंजी ही खरंच आजारी हुती." मला राग यायला हवा होता. मी इतकी थकले होते की नुसतंच बरं वाटलं.

निघताना बाईंनी ईश्वरीचंही रक्त तपासायला सांगितलं. "आणि हो, तिचं चपाती खाणं आधी बंद करू नका." मी म्हणाले, "आता ते मला सांगू नका."

लापशी

आत्यांना कोण सांगणार, यावर गाडीत आमची टोलवाटोलवी झाली. शेवटी मीच सांगितलं. त्या दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळून टाकला, मी आत आले, ईश्वरी कमरेला चिकटली, आणि मी म्हणाले, "आत्या, गव्हानं होत होतं."

"आपल्या गव्हानं? त्याला तर खतसुदिक बेतानंच घातलं हुतं."

"कुठल्याही गव्हानं. माझ्या अंगालाच तो चालत नाही."

त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ती लापशी…"

मला 'नाही' म्हणता आलं नाही. माझा संशय त्या वाटीपुरता खरा होता. ती वाटी देणाऱ्या हातावर मात्र तो फुकट गेला होता. त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात संशय घ्यायचं काम आत्यांनी हाती घेतलं. माझा तवा वेगळा, परात वेगळी, डबे वेगळे; त्यांना हात लावायची ह्यांनाही सोय नाही. गावच्या गिरणीत गव्हामागं बाजरी दळली की थोडं गव्हाचं पीठ येतंच, म्हणून घरघंटी आणवली, आणि तिच्यात गहू घालायला आलेल्या शेजारणीला दारातूनच वाटेला लावलं. एकदा माझं पोट पुन्हा बिघडलं, तर घरातला प्रत्येक डबा ह्यांच्याकडून वाचून घेतला. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ निघालं. ती डबी त्यांनी उकिरड्यावर भिरकावली. लग्नकार्यात गेलो की आचाऱ्यासमोर उभ्या राहतात, "ह्या रश्श्यात काय काय घातलं, सांग." आचारी मला हात जोडतात.

ईश्वरीच्या रक्तात आत्ता तरी काही नाही. पुढं पुन्हा बघायचं आहे. तिचं पोट दुखलं की मी आणि आत्या एकमेकींकडं बघतो. माझी थायरॉईडची गोळी उतरली, रक्त चढलं, कॅन पुन्हा एका हातानं सरकतो. थायरॉईड आहे आणि गोळ्या लागूच पडत नाहीत, असं कुणाचं होत असेल तर डॉक्टरांना नुसतं विचारा, की हेही तपासायचं का. आणि तपासणीआधी गहू सोडू नका, आणि कुठं राहता, काय खाता ते खरं सांगा, मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

मध्ये एकदा ताप येऊन गेला, तोंडाला चव नव्हती. संध्याकाळी आत्या वाटी घेऊन आल्या. बाजरीची भरड तुपात भाजून, गूळ घालून, वर सायीचा गोळा. माझ्यापुढं ठेवली, पण हात काढला नाही.

"थांब," म्हणाल्या. "आधी मी खाते."

"आत्या, गहू चवीनं कळत नाही."

"ते मला बी ठावं हाय."

त्यांनी एक चमचा खाल्ला. सावकाश चावला, गिळला. मग माझ्याकडं तोंड करून आ केला, रोज सकाळी मी करायचे तसा.

"गिळलं. नीट बघून घे."

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली. गूळ जरा जास्त झाला होता. सगळी खाल्ली, वाटी बोटानं पुसून खाल्ली.